विसावी ओळ

मी संशयी बाई आहे. दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय आजही मी पातेलं आत नेत नाही, आणि वाणी पुडी बांधायला लागला की माझी नजर त्याच्या तराजूवरच असते. सुना हसतात. हसू देत. पण या स्वभावापायी मी एका भल्या माणसाची नोकरी घालवली, ते त्यांना ठाऊक नाही. म्हणून हे लिहिते आहे.

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. आमचं गाव येरमाळ्याहून कळंबकडे जाणाऱ्या वाटेवर. गावाच्या कडेला कापसातली सरकी काढायची जिनिंगची गिरणी होती, आणि ती कंपनीची होती. आसपासच्या शेतकऱ्यांनी नि चार दुकानदारांनी शेअर घेऊन ती उभी केलेली. म्हणजे मालक आम्ही सगळेच. पण ‘मालक’ म्हणायचे एकालाच, कंपनीच्या अध्यक्षांना. मोठे जमीनदार, भरघोस मिशा, बोलणं गोड. त्यांना मालक म्हणायचं असं कुणी ठरवलेलं नव्हतं, आणि तसं म्हणू नये असंही कुणाच्या मनात आलं नाही.

माझे यजमान कंपनीच्या पाच डायरेक्टरांपैकी एक होते. ते अचानक गेले आणि शेअर माझ्या नावावर आले. मालक घरी भेटायला आले तेव्हा म्हणाले, “बाई, त्यांची जागा तुमीच घ्या. बैठकीला यायचं, बसायचं, सही करायची. बाकी आमी हाय की.” लोकांना वाटलं, केवढं मोठं मन! मला मात्र तेव्हाच वाटलं की यांना बाई नको आहे, बाईची सही हवी आहे. तरीही मी गेले. घरात बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा ते बरं होतं.

माझं माहेर बार्शीकडचं, म्हणजे सरहद्दीपलीकडे इंग्रजांच्या मुलखातलं. तिथल्या मराठी शाळेत मी चार बुकं शिकले होते. इथं सगळा सरकारी कारभार उर्दूत. कंपनीच्या बैठकीत काय ठरलं ते ज्या वहीत लिहायचं तिला रोयदाद म्हणायचे, आणि तीही उर्दूतच लिहावी लागे. तिच्या प्रत्येक पानावर सरकारी आकडा आणि शिक्का असे. पान फाडलं की गुन्हा. ही वही लिहायला एक मुन्शी होते. गावातलेच, मुसलमान रंगाऱ्याच्या घरातले, चाळिशीचे, अंगानं किडकिडीत. बैठक संपली की ते लिहिलेलं मराठीत वाचून दाखवायचे आणि आम्ही सह्या करायचो.

मालक आणि मुन्शी सोडले तर त्या खोलीत कुणालाच उर्दू वाचता येत नव्हतं.

दिवस वाईट होते. रोज नवी अफवा यायची. अमक्या गावात असं झालं, तमक्या वाटेवर तसं झालं. वर्षानुवर्षं एका आडावर पाणी भरणारी माणसं एकमेकांच्या घागरीकडे तिरकं बघायला लागली होती. अशात एकदा मुन्शी पाणी प्यायला बाहेर गेले, तेव्हा मालक हळूच म्हणाले, “वाचून दावतंय एक. लिवतंय काय, कुणाला ठावं?”

स्वतः वाचता येणारा माणूस हे बोलतो आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली ती मुन्शींच्या नावानं. आणि नाकावर राग घेऊन जन्मलेल्या मला दम कुठला? मुन्शी आत आले तशी मी तोंडावरच म्हणाले, “मुन्शीजी, आजपासून तुमच्या ओळी मी मोजणार. मला वाचता येत नसलं तरी मोजता येतं. बाजूला आकडा लिहून सही करणार. मागून एक ओळ वाढली तरी कळेल.”

मालकांनी मान डोलावली. “बाईंचं डोकं लई चालतंय,” म्हणाले. मी फुलून गेले.

मुन्शींनी वाद घातला नाही. “बेशक मोजा,” एवढंच बोलले. पुढच्या बैठकीपासून ते ओळी सुट्या लिहायला लागले, मधे बोटभर जागा सोडून, आणि शेवटी एक आडवी रेघ. शेतातले तास मोजावेत तशी मी बोट फिरवून मोजायची. चौदा. सतरा. बारा. समासात मराठीत आकडा, खाली सही. पुढच्या बैठकीला आधी मागचं पान उघडून पुन्हा मोजायचं, मगच कामाला सुरुवात. मला सोपं जावं म्हणून तो माणूस अक्षर मोकळं करत होता, आणि मी मनात म्हणत होते, हा इतकी सोय का करून देतो आहे? नक्कीच काहीतरी असणार.

मग तो बॉयलर आला. आमच्या गिरणीचा जुना बॉयलर कुरकुरत होता. मालकांनी बैठकीत मांडलं की सरहद्दीपलीकडे एक गिरणी बंद पडली आहे, तिथला बॉयलर घेऊ. ती गिरणी त्यांच्या मेहुण्याची. हे सगळ्यांना माहीत होतं. एक जण छताकडे बघत होता, एक तंबाखू मळत होता.

मी म्हणाले, “त्या बॉयलरच्या तपासणीचा सरकारी कागद कुठाय?”

“येतोय मागनं.”

“मग बॉयलरही मागूनच येऊ द्या. कागद बघितल्याशिवाय माझी मान्यता नाही.”

मालक हसले. “बाई, बॉयलर म्हंजे चूल न्हाय, फुंकणीनं पेटवायला.” सगळे हसले. तंबाखूवाला तर ठसका लागेपर्यंत हसला. माझे कान तापले. घरच्या गड्यांना आवाजानं हलवणारी मी, पण त्या चार पुरुषांच्या हसण्यापुढं मीच नजर खाली घातली.

“मुन्शीजी, एकमतानं मंजूर लिवा,” मालक म्हणाले.

मुन्शींचा टाक थांबला. “बाईंचं म्हणणं?”

“त्यानला शंका व्हती, ती फिटली. लिवा.”

मुन्शींनी माझ्याकडे बघितलं. मी पदराच्या काठाकडे बघत राहिले. त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं, ‘सर्वानुमते मंजूर’. मी ओळी मोजल्या. एकोणीस. आकडा घातला, सही केली आणि घरी येऊन सगळा राग भाकरीच्या पिठावर काढला.

महिन्याभरानं पुन्हा बैठक. नेहमीप्रमाणे मी मागचं पान उघडलं. बोट फिरवलं. वीस.

पुन्हा मोजल्या. वीसच. शेवटच्या आडव्या रेघेखाली, जिथं काही नसायला हवं होतं तिथं, बारीक अक्षरांत कोंबून लिहिलेली एक ओळ होती.

मला काय आनंद झाला, ते आज सांगायला लाज वाटते. इतके महिने डोळ्यांत तेल घालून बसले होते, त्याचं सार्थक झालं असं वाटलं. मी वही सगळ्यांसमोर आपटली. “एक ओळ वाढलीय! माझा आकडा एकोणीस आहे!”

मालकांनी वही ओढून घेतली. ती ओळ वाचताना त्यांची मिशी एकदा हलली. मग वही मिटून ते म्हणाले, “लिवलंय की हा बॉयलर सरकारनं जप्त करावा. आपल्याच गिरणीवर जप्ती! बघा, कुणाचं मीठ खातंय.”

खोलीत एकदम गलका झाला. मुन्शी उभे राहिले. चेहरा पांढरा, पण आवाज शांत होता. “बाई, त्या दिशी तुमी जे...”

“माझं नाव घ्यायचं नाही!” मी ओरडले. “चोरी तुमची, त्यात मला ओढू नका.”

त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

त्यांना काढून टाकायचं ठरलं. पण ठरवलेलं रोयदादीत लिहावं लागतं, आणि लिहिणार कोण? मालक स्वतः काही लिहिणार नव्हते. “मुन्शीजी, तुमीच लिवा,” ते म्हणाले. आणि मुन्शी खाली बसले. टाक बुडवून त्यांनी स्वतःला काढल्याचा ठराव लिहिला, ओळीओळीत बोटभर जागा सोडून. मराठीत वाचून दाखवला. शेवटी आडवी रेघ मारली आणि वही माझ्याकडे सरकवली.

मी मोजल्या. अकरा. सही केली.

एक गोष्ट लिहायलाच हवी. माझा धाकटा दीर उर्दू शाळेत शिकलेला होता. पोस्टातला माणूस, शाळेचे मास्तर, शेजारचा शिंपी, सगळ्यांना उर्दू यायचं. त्यांतल्या कुणाही एकाला बोलावून ‘ही ओळ वाच’ म्हणायला मला काय झालं होतं? पण मला वाचून घ्यायचंच नव्हतं. मला माझा आकडा खरा ठरलेला हवा होता, आणि तो ठरला होता.

नवे मुन्शी मालकांच्या मेहुण्यानं पाठवले. त्यांच्या ओळी कधी एकानंही वाढल्या नाहीत.

पुढच्या हंगामात त्या बॉयलरनं दगा दिला. वाफेची नळी सांध्यातून सुटली आणि भट्टीवरच्या आगवाल्याचे दोन्ही हात भाजले. जीव वाचला, पण बोटं आखडली ती आखडलीच. त्याची बायको मला आडावर भेटली. माझ्याकडे न बघता घागर उचलून निघून गेली. मालकांनी त्याच्या घरी चार पायली ज्वारी पाठवली आणि गिरणीत सगळं सुरळीत असल्याचं सांगत राहिले.

मग निजामाचं राज्य गेलं. धूळ खाली बसली तसा हैदराबादेहून एक अधिकारी चौकशीला आला. तपासणीचा कागद नसलेला बॉयलर कुणी चालवला, कुणी मंजूर केला? आम्हा पाचही डायरेक्टरांना त्यानं समोर बसवलं. मालक आता खादी घालायला लागले होते. हात जोडून म्हणाले, “साहेब, सगळं एकमतानं झालंय. रोयदाद बघा.” म्हणजे बुडायचं तर सगळ्यांना घेऊन.

एकमताखाली माझी सही होती.

अधिकाऱ्याला उर्दू येत होतं. त्यानं पान काढलं, वाचत खाली आला आणि थांबला. “ही शेवटची ओळ?”

“ती खोटी हाय, साहेब. मागनं घुसडलेली,” मालक पटकन म्हणाले. “बाईंनीच पकडली. बाजूला आकडा बघा त्यांचा, एकोणीस.”

“काय लिहिलंय तिच्यात?” मी विचारलं. पहिल्यांदाच.

अधिकाऱ्यानं मराठी करत करत वाचलं. ‘वर एकमत लिहिले ते अध्यक्षांच्या सांगण्यावरून. बाईंनी तपासणीचा कागद मागितला व मान्यता दिली नाही. बैठकीत धाडस झाले नाही, म्हणून नंतर लिहिले.’ ओळीच्या टोकाला मुन्शींची सही आणि तारीख होती.

“हे खरं आहे?” अधिकाऱ्यानं मला विचारलं.

मी हो म्हणाले. बाकीच्या तिघांनीही खाली मान घालून हो म्हटलं, कारण आता मालकांना घाबरायचं कारण उरलं नव्हतं. अधिकाऱ्यानं माझं नाव जबाबदारांच्या यादीतून काढलं. गिरणीला सील लागलं. मी सुटले.

मुन्शी कुठं आहेत ते शोधायला पुष्कळ दिवस लागले. त्या काळात कितीतरी घरं रातोरात रिकामी झाली होती. शेवटी कुणीतरी सांगितलं की कळंबला तहसिलीसमोर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देतात. मी गेले. दाढी पांढरी झाली होती. मला बघून त्यांनी पोतं झटकलं आणि बसायला दिलं.

मला माफी मागायची होती. तोंडातून आला तो प्रश्नच. “तुम्हाला ठाऊक होतं मी मोजणार. पुढच्याच बैठकीला सापडणार. तरी का लिहिलीत?”

“तुमी मोजणार म्हणूनच लिवली, बाई,” ते म्हणाले. “मला वाटलं, तुमी इचाराल, ह्यात काय हाय म्हणून.”

मी त्यांच्यापुढचा एक कोरा कागद उचलून त्यांच्या हातात दिला. मग म्हणाले, “एक अर्ज लिहा. कंपनीच्या नावे.”

“कंपनीला तर सील हाय.”

“असू दे. लिहा.”

अर्ज आता मराठीतही चालत होते. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. मुन्शींनी लिहिलेली ओळ खरी होती. त्यांना काढलं तो अन्याय होता. त्यांना सन्मानानं परत घ्यावं. आणि हे सगळं माझ्या आंधळ्या संशयामुळं झालं, मी त्यांना बोलूसुद्धा दिलं नाही. लिहून झाल्यावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि कागद माझ्यापुढं धरला. मी सहीसाठी टाक घेतला, तर त्यांनी कागद मागं घेतला.

“आधी वाचा, बाई. आता तर तुमच्या भाषेत हाय.”

मी वाचलं. सगळं नीट होतं, अक्षर मोकळं, ओळीओळीत बोटभर जागा. फक्त शेवटचं वाक्य त्यात नव्हतं.

“माझं राहिलं,” मी म्हणाले.

“ते कशाला लिवायचं? ऱ्हाऊ द्या.”

मी टाक बुडवला आणि त्यांनी मारलेल्या रेघेखाली, बारीक अक्षरांत, माझ्या हातानं एक ओळ वाढवली.