तलावाच्या पाळीवर थांबलेली अंत्ययात्रा

मित्रांनो, आज दुपारी जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

देवरी तालुक्यातल्या आमच्या गावात शेजारच्या शेवंताकाकी सकाळी गेल्या. त्यांचा एकुलता मुलगा राकेश दूरच्या शहरात आहे. तिथे मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होणार, म्हणून तो स्टेडियममध्ये इंटरनेटची केबल टाकतो. हजारो लोकांनी एकदम व्हिडिओ पाठवले तरी नेट अडणार नाही, असं अभिमानानं सांगायचा.

त्याला अंत्यविधीला वेळेत पोहोचणं शक्य नव्हतं. फोनवर म्हणाला, "भाऊ, मायचं तोंड तरी दाखव."

मी घरातून, मग अंगणातून व्हिडिओ कॉल लावला. "काहीच नाही दिसून राहिलं, भाऊ," तो रडत होता.

शेवटी स्मशानाकडे जाताना आम्ही तिरडी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उतरवली. तिथे थोडी रेंज येते. काकींच्या चेहऱ्यावरचं कापड बाजूला करून मी मोबाईल समोर धरला. राकेश फक्त "माय" म्हणाला आणि बघत राहिला. सगळे उन्हात उभे होते, पण कोणीही घाई केली नाही.

देश स्पर्धेसाठी तयार होतोय, याचा मलाही आनंद आहे. पण त्या तयारीत आमचं गाव कधी येणार? तुमच्या गावात घरात बसून व्हिडिओ कॉल लागतो का?