वाचून दाखविलेला करार

मी चाळीस वर्षे आदिलाबादला नोंदणी कार्यालयाबाहेर बसून दस्त लिहिले. विक्रीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, भाडेपट्टा. प्रत्येकाच्या शेवटी एक ओळ ठरलेली असे : ‘वरील मजकूर वाचून दाखविला, समजला, कबूल आहे.’ मजकूर क्वचितच कोणी वाचून दाखवी. लिहून घेणाऱ्यास घाई, लिहून देणाऱ्यास संकोच, आणि मला पुढचा दस्त. त्या ओळीचा मला कधी त्रास झाला नाही.

दोन वर्षांपूर्वी जैनथकडील, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या एका गावातली बाई माझ्याकडे आली. ती आणि तिचा नवरा गावात केबल टीव्ही चालवीत. तो धंदा बसत चालला होता. लोक मोबाइलवरच सर्व पाहू लागले होते. आता त्याच खांबांवरून घरोघरी इंटरनेट द्यायचे तिने ठरविले होते. शहरातून लाइन देणाऱ्या कंपनीची अट एकच होती : शनिवारी दुपारी बारापर्यंत तीस घरांचे सह्या केलेले करार हवेत. नाहीतर लाइन पुढच्या गावाला जाईल. लाइन गेली की तिचा उरलासुरला धंदाही जाणार होता.

दुसऱ्या एका शहरातील नमुना समोर ठेवून मी नऊ कलमांचा करार लिहून दिला. तिने तो तेथेच उभ्याने वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

“काका, हे वाचून दाखवलं असं लिवलं. कोण दाखवणार?”

“तशी पद्धत आहे. लिहावे लागते.”

“मंग दाखवाच लागंल. तुमी संगं चाला. कोनी काही विचारलं तं लिवणारानं सांगावं.”

मी गेलो. जाण्याचे कारण नव्हते, कुतूहल होते.

सोमवारपासून तिने वाचायला सुरुवात केली. मराठी घरांत मराठीतून, तेलुगू घरांत तेलुगूतून. घाई नाही, गाळणे नाही. लाइन बंद पडली तर किती वेळात दुरुस्त होईल, जोडणी सोडायची तर आधी किती दिवस सांगावे, राउटर कोणाच्या मालकीचा, सारे. एका आजीबाईंनी मध्येच विचारले, “बाई, हे वाचून राह्यली तं दुसऱ्या घरी कवा जाशीन?” ती म्हणाली, “आजी, तुमचं झाल्यावर.” बुधवारी सकाळपर्यंत एकोणीस सह्या झाल्या. मी मनात हिशेब मांडला. या वेगाने तीस होणे कठीण होते. मी तसे बोललो. तिने मान हलविली आणि पुढचे दार वाजविले.

ते घर एका कापूसवाल्या शेतकऱ्याचे होते. त्याने सहा कलमे डोळे मिटून ऐकली. सातव्याला डोळे उघडले. ग्राहकाच्या वाहनाने तार तुटल्यास भरपाई ग्राहकाने द्यावी, असे ते कलम होते.

“तार तुमी खाली सोडता, अन् तुटली तं भरून आमी द्यावं? हे कुठलं कानून?”

“तसंच असते भाऊ, सगळीकडं,” सोबत आलेला तिचा नवरा म्हणाला.

“सगळीकडं माही गाडी जात नाही. भरल्या गाडीवर मी बसलो की तुही तार माह्या गळ्याले लागते. मागच्या साली तं टोपी घेऊन गेली.”

घरातल्या बायका हसल्या. त्याने सही केली नाही.

ते कलम मी नमुन्यावरून जसेच्या तसे उतरविले होते. त्या शहरातून कापसाच्या गाड्या जात नसाव्यात. हा विचार मला सुचायला हवा होता, सुचला नाही. बाईने तेथेच बांबू मागविला, भरलेल्या गाडीवर माणूस बसवून उंची घेतली, आणि मला कलम बदलायला सांगितले : तार त्या उंचीच्या खाली असताना तुटली तर दुरुस्ती लाइन देणाऱ्याने स्वखर्चाने करावी. मी नवे कलम लिहिले. शेतकरी म्हणाला, “लिवणं वेगळं, तार वर जाणं वेगळं. पाहू.” सही तेव्हाही नाही.

मी म्हणालो, “आता पुढची घरे घ्या. एकोणीस घरांचा जुना करार तसाच राहू द्या. बदल त्यांच्या फायद्याचाच आहे. कोणी तक्रार करणार नाही.”

“काका, त्यायले जे वाचून दाखवलं ते हे नव्हतं.”

गुरुवारचा सबंध दिवस तिने त्या एकोणीस घरी पुन्हा जाण्यात घालविला. सातवे कलम वाचले, नव्या प्रतीवर सह्या घेतल्या. काहींना फरक काय ते कळलेही नाही. तिने पुन्हा सांगितले. त्या दिवशी नवी सही एकही झाली नाही. शुक्रवारी नऊ झाल्या. तिचा नवरा दिवसभर खांबांवर चढून तारा वर ओढीत होता. एकूण अठ्ठावीस.

शनिवारी कंपनीचा अधिकारी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभा होता. त्याने कागद मोजले आणि घड्याळ पाहिले. पावणेबारा वाजले होते. तेवढ्यात तो शेतकरी आला, सोबत वेगळ्या घरात राहणारा थोरला भाऊ.

“सकाळी गाडी भरून नेली,” तो म्हणाला. “टोपी डोक्यावर हाय. आण कागद.”

अधिकारी म्हणाला, “मॅडम, साइन ले लीजिए, टाइम हो रहा है।”

शेतकऱ्याने हात आखडला. “पहिल्यापासून वाच. नवा कागद हाय, म्या ऐकला नाही. अन् जरा मोठ्यानं. भावाले कमी ऐकू येते.”

मी तिच्याकडे पाहिले. नऊ कलमांना किती वेळ लागतो हे तिला माझ्याहून चांगले ठाऊक होते. तिने पहिले कलम सुरू केले. वेग सोमवारचाच होता. अधिकारी दोनदा खाकरला. सातव्याला थोरल्या भावाने तळहात कानामागे धरला आणि म्हणाला, “हे पुन्हा.” तिने पुन्हा वाचले. अधिकारी खुर्ची ओढून बसला.

इतक्या वर्षांत माझ्यासमोर पुष्कळ माणसांनी पुष्कळ शपथा घेतल्या. खरेपणा असा शांत, कंटाळवाणा आणि हट्टी असतो, हे मी त्या ओट्यावर पाहिले.

दोन्ही सह्या झाल्या तेव्हा बाराला चार मिनिटे कमी होती. अधिकाऱ्याने तीसही करार पिशवीत घातले. मग थांबून त्याने सातव्या कलमाची एक वेगळी प्रत तिच्याकडून मागून घेतली. पुढच्या गावातही कापूसच होता.