लडकूचा बिनचूक टेक

लडकूला कुणी विचारलं, "तुमी काय वाजवता?" की तो नुसतं "ड्रम" म्हणायचा. समोरचा त्याला बँजो पार्टीतला समजून लगेच पोरीच्या हळदीची तारीख सांगायचा. थ्रॅश मेटल म्हणजे काय, हे कशेळ्याच्या नाक्यावर समजावत बसण्यात अर्थ नाही हे त्याला केव्हाच कळलं होतं. गिटार आरीसारखी चालते, ड्रम सुसाट धावतो आणि गाणारा गात नाही, जीव तोडून ओरडतो. पण त्या ओरडण्यालाही दम लागतो, आणि तसा दम अख्ख्या रसायनी पट्ट्यात एकट्या मुनाफकडे होता.

मोहोपाड्याच्या स्टाफ कॉलनीत तिघं एकत्र वाढले. लडकू ड्रमवर, प्रवीण गिटारवर आणि मुनाफ बेस वाजवत गाणारा. बँडचं नाव 'गंज'. एकदा गणपतीत स्टेज मिळालं, तर दुसऱ्याच गाण्याला कमिटीच्या काकांनी मेन स्विच खाली ओढला. गिटार बंद पडली, पण लडकू आणि मुनाफ हे दोघे बहाद्दर अंधारात तसेच चालू राहिले. माईक नसताना मुनाफचा आवाज पार गेटवरच्या वॉचमनपर्यंत गेला म्हणे. पुढे जे सगळ्यांचं होतं ते यांचंही झालं. लडकू बाप कामाला होता त्याच कारखान्यात चिकटला, प्रवीणने शेलूला फ्लॅट घेतला, मुनाफने खालापुरात गाद्यांचं दुकान टाकलं. ड्रम माळ्यावर गेला.

कारखाना सोडून लडकू कशेळ्याला गावी राहायला आला, त्या वर्षी मुनाफचा फोन आला.

"लडक्या, घशात गाठ निघालीय रं. आवाजाची पेटीच काढनार. दसरा झाला की आपरेशन. त्याआदी आपली गानी रेकाड करू या का?"

लडकूने "हां" म्हटलं, फोन ठेवला आणि ओटीवर बसून लहान पोरासारखा रडला.

त्याची पोल्ट्रीची शेड रिकामीच पडली होती. मुनाफने दुकानातल्या गाद्या टेंपोत घालून आणल्या, आवाज घुमू नये म्हणून त्या भिंतींना टेकवल्या. प्रवीण लॅपटॉप आणि भाड्याचे माईक घेऊन आला. तीन टकली डोकी शेडमध्ये एकमेकांना मिठ्या मारत होती आणि मुनाफची बायको झोहरा दारात उभी राहून हसत होती. तिचं एकच सांगणं होतं. "घसा सांभाळा. डॉक्टरांनी बोलू नका म्हटलंय."

"भाभी, त्याचं काम शेवटी," प्रवीण म्हणाला. "आधी ड्रम, मग गिटार, गाणं सगळ्यात शेवटी. सगळीकडे असंच करतात."

सगळीकडे असंच करतात खरं. पण सगळीकडे लडकू नसतो. प्रवीणने हेडफोनमधून त्याच्या कानात टकटक सोडली, त्या ठेक्यावर वाजव म्हणाला. लडकूचे पाय पार गोंधळले. "ही टकटक मला जमायची नाय. मुनाफ, तू म्होरं उभा रा. नुसते ओठ हलव. तुज्या तोंडाकडं बघितलं का मला समजतं."

मुनाफ ड्रमसमोर उभा राहिला. पहिल्या ओळीला ओठ हलले. दुसऱ्या ओळीला तो माणूस बेंबीच्या देठापासून ओरडत होता. ही गाणी हळू म्हणताच येत नाहीत. त्याच्यापुढे माईक नव्हता, कारण त्याचं गाणं नंतर घ्यायचं होतं.

लडकूचा गुडघा गाण्याच्या मध्येच दगा द्यायचा. ड्रम थांबायचा, मुनाफ मात्र आणखी ओळभर एकटाच जायचा, मग हसून म्हणायचा, "काय नाय रं लडक्या, परत घे." लडकूला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "पुसून टाक ते," तो प्रवीणला सांगायचा. "माजी फजिती ठेवू नको." प्रवीण पुसायचा. असे किती टेक पुसले कोण जाणे. "वेग कमी करू या," असं प्रवीणने सुचवलं, तर लडकू त्याच्यावरच उखडला. काय ती ऐट! झोहरा मधूनमधून आत डोकावायची, मुनाफ तिला हातानेच शांत करायचा.

शेवटी एकदाची सगळी गाणी बिनचूक निघाली. लडकू घामाने निथळत स्टुलावरून उठला, त्या क्षणी त्याच्याइतका सुखी माणूस तालुक्यात नसेल.

प्रवीणच्या गिटारी झाल्या. मग चांगला माईक स्टँडवर लावला. मुनाफने तोंड उघडलं, आणि नुसती हवा आली. गरम पाणी झालं, ज्येष्ठमध झालं, दोन दिवस सक्तीचं मौन झालं. खरखर तेवढी वाढली. दसरा गेला, ऑपरेशन झालं, आवाज कायमचा गेला.

लडकूचं अन्नावरून मन उडालं. एक दिवस प्रवीणचाच फोन आला. "लडक्या, आवाज आहे! तुझ्या ड्रमच्या माईकमध्ये शिरलाय."

मुनाफ आणि झोहराला घेऊन ते शेडमध्ये जमले. मुनाफच्या गळ्याला पट्टी होती. प्रवीणने लावलं. ड्रमच्या गदारोळामागे, खूप लांबून, मुनाफ ओरडत होता. प्रवीणने कॉम्प्युटरवर ड्रम वेगळा काढून पाहिला होता, पण ड्रम काढला की मुनाफही पत्र्याच्या डब्यात अडकल्यासारखा वाटत होता. आवाज हवा तर ड्रमसकटच ऐकायचा.

लडकू श्वास रोखून ऐकत होता. कुठेतरी गुडघा अडेल, हात चुकेल आणि मुनाफ ओळभर तरी एकटा ऐकू येईल, म्हणून तो आता स्वतःच्या चुकीची वाट बघत होता. चूक आली नाही. चुकलेलं सगळं त्याने स्वतः पुसायला लावलं होतं.

मुनाफ डोळे मिटून मांडीवर ठेका धरत होता. मध्येच त्याने लडकूकडे बघून अंगठा वर केला. काय वाजवलंस!

झोहरा उठली, स्पीकरला कान लावून उभी राहिली. थोडा वेळ तिने नवऱ्याला शोधलं. मग वळून, लडकू समोर बसून वाजवतोच आहे अशा अजिजीने ती म्हणाली, "लडकूभाई, जरा थांबा ना. त्यांना ऐकू द्या मला."

लडकूने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. स्पीकरमधला लडकू थांबला नाही.