अकरा कोनाड्यांचं जेवणघर

त्या बाईचं नाव मी इथे लिहिणार नाही. भिडेखातर नाही, आणि विसरले म्हणून तर मुळीच नाही. तिने तिच्या पुस्तकात माझं नाव घातलं नाही, म्हणून मी माझ्या लेखात तिचं घालत नाही. मी डूख धरणारी बाई आहे. माझी आई याला दुर्गुण म्हणते. मी स्मरणशक्ती म्हणते.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी आले. नवरा तिथे पीएच.डी. करत होता आणि मी त्याच्या व्हिसाला बांधलेली. त्या व्हिसावर नोकरी करायची नाही, पदवीसाठी शिकायचं नाही. पुण्यात पुरातत्त्वात एम.ए. करून पडक्या देवळांची मोजमापं घेत उन्हातान्हात हिंडलेली मी, इथे बसने जाऊन कोथिंबीर शोधायची आणि दोन खोल्या पुसायच्या. तिसऱ्या महिन्यात ग्रंथालयाच्या फलकावर एक चिठ्ठी दिसली. गावाबाहेरच्या एका जुन्या घरातले कागद लावायला स्वयंसेवक हवा होता. स्वयंसेवक व्हायला व्हिसा आड येत नव्हता. मी त्याच दिवशी फोन केला.

घराची मालकीण सत्तरीची, विधवा, ताठ. मंगळवारी आणि शुक्रवारी ती स्वतः गाडी घेऊन मला न्यायला यायची. मला तिला नावाने हाक मारवेना, म्हणून मी आँटी म्हणायला लागले. ती हसली आणि तिने ते चालवून घेतलं.

घर टेकडीवर होतं, आणि पहिल्या दिवशी पाहिलं तेव्हा मी गाडीतून उतरायचीच विसरले. पेनसिल्व्हेनियाच्या त्या मक्याच्या शेतांमध्ये मध्ययुगातल्या इंग्लंडचा दगड उभा होता. मूळचा तो इंग्लंडातला मठ. अनवाणी फिरून भिक्षा मागणाऱ्या ख्रिस्ती साधूंनी ओढ्याकाठी बांधलेला. तीनशे वर्षं ते तिथे राहिले. मग तिथल्या राजाला चर्चशी भांडायचं झालं, आणि त्याने देशातले सगळे मठ बंद करून त्यांची मालमत्ता आपल्या माणसांत वाटून टाकली. या मठावर एक दरबारी नागोबासारखा येऊन बसला. त्याने प्रार्थनेच्या जागी चुली घातल्या, साधूंच्या दालनांत मजले चढवले, दारं फोडली, आणि मठाचं घर केलं. पुढे चार शतकं त्यात पिढ्या नांदल्या. शेवटच्या वारसाला छप्पर शाकारणंही जमेना. तेव्हा पहिल्या महायुद्धानंतर इकडून बाईचे श्रीमंत सासरे गेले, त्यांनी सगळं विकत घेतलं, प्रत्येक दगडावर मागच्या बाजूने लाल रंगात अक्षर आणि आकडा घातला, गवतात गुंडाळून खोक्यांत भरला आणि बोटीने आणला.

इथल्या वास्तुविशारदाने त्यातले आवडतील ते दगड निवडून बंगला उभारला. सगळ्यात देखणं केलं ते जेवणघर. लांबट, अरुंद, आणि एका भिंतीत ओळीने अकरा कोनाडे, प्रत्येकावर दगडी कमान आणि पाठीला बारीकशी खिडकी. बाई प्रत्येक कोनाड्यात मेणबत्ती आणि फुलं ठेवायची. ती म्हणायची, "इथे संतांच्या मूर्ती असणार. आमच्या घरातला हा सगळ्यात शुद्ध भाग. चारशे वर्षांत याला कुणी हात लावला नाही."

हे खरं होतं. त्या भिंतीत एकही दार नंतर फोडलेलं नव्हतं, एकही चूल घातलेली नव्हती. का नव्हती, हे मलाही बरेच दिवस सुचलं नाही.

कागद लावता लावता मी लिहायला लागले. बाईने वाचलं आणि म्हणाली, याचं पुस्तक करू या. "माझं नाव वर, तुझं खाली. चालेल?" चालेल काय, मी त्या रात्री नवऱ्याला तीनदा सांगितलं. मला स्वतःच्या नावावर पीएच.डी.ला प्रवेश हवा होता, स्वतःचा व्हिसा हवा होता. घरी बसलेल्या मुलीला कोण दारात उभं करतं? पण छापलेलं पुस्तक पुढे ठेवलं असतं तर केलं असतं. माझा सगळा जीव त्या एका ओळीत होता.

दोन वर्षं मी राबले. तळघरात टॉर्च घेऊन उरलेल्या दगडांच्या पाठीवरचे लाल आकडे उतरवले, इंग्लंडच्या दफ्तरखान्यांना पत्रं लिहिली, वाचता न येणारं जुनं अक्षर लावायला शिकले.

आणि बाई माझ्याशी चांगली वागत होती, हेही सांगायला हवं. एका मंगळवारी मी स्टीलच्या डब्यात थालीपीठं नेली. शुक्रवारी तिने डबा धुऊन रिकामा परत दिला. मी हसून म्हटलं, "आँटी, आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. रिकामा डबा म्हणजे संबंध संपला." तिला ते इतकं आवडलं की पुढे कधी तो रिकामा आला नाही. सफरचंदं आली, अक्रोड आले, एकदा नुसते टेकडीवरचे रंगीत गारगोटे आले. पहिल्या मोठ्या बर्फात त्यात लोकरीचे हातमोजे निघाले. तिने स्वतः विणलेले.

म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

दुसरं वर्ष संपता संपता, वसंतात, शेवटचं प्रकरण सोडून सगळं पुस्तक छापखान्यात गेलं होतं. ते शेवटचं प्रकरण जेवणघराचं होतं, आणि त्याच आठवड्यात मला एका पत्रांच्या गठ्ठ्यात खोक्यांची मूळ यादी सापडली. कुठलं अक्षर म्हणजे मठाची कुठली इमारत, हे इंग्लंडातल्या मुकादमाने त्यात स्वच्छ लिहिलं होतं. वास्तुविशारदाच्या नकाशात जेवणघराच्या दगडांना "के" हे अक्षर होतं. यादीत "के"पुढे लिहिलं होतं: साधूंचे शौचालय, ओढ्यावरचे.

मी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि एकटीच खो खो हसले. पुण्यात आमचे सर म्हणायचे, पडकी इमारत बघायची तर कोरीव काम मागाहून बघा, आधी पाणी कुठून येतं आणि कुठून जातं ते शोधा. मी दोन वर्षं कमानींकडे बघत बसले होते. त्या दिवशी मी एका कोनाड्यातली फुलदाणी उचलली, खालची लाकडी फळी सरकवली. फळीखाली सपाट तळ नव्हता. घसरगुंडीसारखा उतरता, गुळगुळीत झिजलेला दगड होता. मूर्ती ठेवायच्या कोनाड्याला असा तळ कोण करतं? त्या दरबाऱ्यालाही तिथे राहावंसं वाटलं नव्हतं. म्हणून तर तो भाग शुद्ध राहिला होता.

शुक्रवारी यादी पिशवीत घालून मी बाईला ही गंमत सांगायलाच निघाले होते. दिवाणखान्यात तिने आधी माझ्या हातात पुस्तकाचं मुखपृष्ठ आणि छापून आलेली पानं ठेवली. मुखपृष्ठावर एकच नाव होतं. मी आभाराचं पान काढलं. नोकर, माळी, छायाचित्रकार, आणि सगळ्यात शेवटी, "चिकाटीने टाइप करून देणाऱ्या आमच्या इंडियन मुलीचे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी हळूच विचारलं, "आँटी, माझं नाव?"

"डिअर," ती म्हणाली, "हे आमच्या कुटुंबाचं घर आहे. परक्या माणसाचं नाव त्यावर कसं दिसेल? आणि तुला तुझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नाही ना? उगाच कुणी चौकशी केली तर? मी तुझाच विचार केला."

तुझाच विचार केला! चोरी करायची आणि वर घरमालकाला कुलूप नीट लावायला शिकवायचं. मी पिशवीचं बक्कल लावलं. म्हटलं, "शेवटचं प्रकरण तुम्हीच लिहा, आँटी. त्या जेवणघराबद्दल तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

ती खूष झाली. तिने लिहिलं.

घरी नवरा म्हणाला, "लीव्ह इट यार. व्हिसाचा इश्यू झाला तर माझी डिग्री पण लटकेल. टाइप केलंय म्हणाली ना, म्हणू दे."

"टाइप केलंय?"

"अगं, मला माहितीये. पण आपण काय प्रूव्ह करणार?"

त्याच्यावरही मी आठवडाभर डूख धरला. मग मूग गिळून गप्प बसले, आणि लोकांना वाटलं मी शांत झाले.

जूनमधल्या एका शनिवारी दुपारी बाईने पुस्तकाच्या निमित्ताने चाळीस माणसांना जेवायला बोलावलं. मलाही निमंत्रण होतं. तिने फोनवर सांगितलं, साडी नेसून ये, आणि तुझे ते समोसे आण, सगळ्यांना फार आवडतील. मी म्हटलं, जरूर. आठवडाभर मी आरशासमोर उभी राहून चार वाक्यं इंग्रजीत घोकत होते. शेवटच्या दिवशी माझा आवाज कापायचा थांबला.

मी हिरवी साडी नेसले. समोसे त्याच डब्यात भरले. यादीची झेरॉक्स कमरेला खोचली.

मेणबत्त्या दुपारीही लावल्या होत्या. पाहुण्यांत एक निवृत्त इंग्रज प्राध्यापक होते. मध्ययुगीन इमारती हाच त्यांचा विषय, आणि बाई त्यांना हाताला धरून सगळ्यांना दाखवत होती. जेवण अर्ध्यावर आल्यावर तिने उभं राहून शेवटचं प्रकरण वाचलं. या अकरा कोनाड्यांत अकरा संत होते, रोज पहाटे साधू अनवाणी येऊन इथे मनोभावे टेकत, त्या शांततेचा गंध अजून या दगडांना आहे. टाळ्या झाल्या. मी समोशांचं ताट घेऊन भिंतीशी उभी होते.

"आणि ही आमची इंडियन मुलगी," बाई म्हणाली. "हिने सगळं टाइप केलं. सांग ना डिअर, या खोलीत तुला काय वाटायचं?"

देव पावला. मी आपण होऊन तोंड घालायची तयारी करून आले होते, आणि बाईने आपल्या हाताने दार उघडून दिलं.

मी ताट खाली ठेवलं. म्हटलं, "माझ्या देशात जुनी इमारत बघताना आम्ही आधी विचारतो, पाणी कुठून जातं?" मी पहिल्या कोनाड्यातली फुलदाणी काढली, मेणबत्ती काढली, फळी उचलून टेबलावर ठेवली. "पहाटे साधू इथे येत, हे आँटींनी बरोबर लिहिलंय. टेकत, हेही बरोबर आहे. फक्त गुडघे नाहीत." आणि यादी प्राध्यापकांच्या हातात दिली.

म्हातारे प्राध्यापक खरंच खाली बसले. त्यांनी त्या उतरत्या दगडावर हात फिरवला, खिडकीकडे पाहिलं, पुढच्या कोनाड्याची फळी काढली, त्याच्या पुढची काढली. मग ते हसायला लागले, इतके की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अर्थात!" ते म्हणाले. "अर्थात! मी मघापासून विचार करतोय, हे मी कुठे पाहिलंय. मुली, इतका सुस्थितीतला संडास मी इंग्लंडमध्येही पाहिलेला नाही."

एका बाईने तोंडातला समोसा हळूच रुमालात काढला. कुणीतरी ताटली खाली ठेवली. मग आणखी कुणी. आणि कुठल्याशा कोपऱ्यात कुणाला तरी हसू फुटलं. बाई उभीच होती, पुस्तक छातीशी धरून. तिचा चेहरा मी डोळे भरून पाहिला. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

तिने मला एवढंच विचारलं, अगदी हळू आवाजात. "तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"शेवटच्या प्रकरणात लिहिणार होते," मी म्हटलं. आणि निघाले. डबा तिथेच राहिला.

प्राध्यापकांनी मला त्या जेवणघरावर टिपण लिहायला लावलं. एका छोट्या नियतकालिकात ते छापून आलं. दोनच पानं, पण खाली एकटीचं नाव. तेच मी अर्जाला जोडलं, आणि पुढच्या वर्षी मला प्रवेश मिळाला, स्वतःचा व्हिसा मिळाला. नवरा म्हणाला, "मी म्हणत नव्हतो, होईल सगळं!" त्याला मी माफ केलं नाही, फक्त जेवायला वाढलं.

बाईच्या पुस्तकाची खोकी तळघरात गेली, असं ऐकलं. ती त्या खोलीत परत जेवली नाही, असंही ऐकलं. मी मुद्दाम विचारून विचारून ऐकलं. दर वेळी बरं वाटलं.

पण त्या जेवणानंतर तीन आठवड्यांनी एक गोष्ट झाली, ती मी अजून कुणाला सांगितलेली नाही. मंगळवार होता. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. मी खिडकीशी जाईपर्यंत ती निघून गेली होती. दाराशी माझा डबा होता. घासून लख्ख केलेला, झाकण घट्ट. हातात घेतला तर हलका लागला, तरी मी उघडला. वाटलं, चिठ्ठी असेल. शिवी असेल. निदान तळाशी एखादा अक्रोड.

काही नव्हतं. तिने तो पुसून कोरडाही केला होता.

मी तिला दोन वर्षं दगड शिकवले, अक्षरं शिकवली, सनावळ्या शिकवल्या, आणि तिने त्यातलं काही लक्षात ठेवलं नाही. हे मात्र ठेवलं. त्या दुपारी मी दारातच बसून रडले, आणि कुणावर रागवायचं ते मला कळेना.

डबा अजून माझ्याकडे आहे. त्यात ते लोकरीचे हातमोजे ठेवलेत. मी ते घालत नाही. पण तो डबा मी रिकामा ठेवत नाही.