सुनेच्या मेंदूतली बेणणी

माझी सून अंगणवाडीत शिकवते. दोन वर्षांपूर्वी भाताच्या लावणीत चिखलातून तिचा पाय उचलेना. मग एका डोळ्याला अंधारी आली. मी वात समजले आणि रोज कढत पाण्याने तिचे पाय शेकले. शेकलं की तिला आणखी दिसेनासं व्हायचं, पाय लुळे पडायचे. अंग गार झालं की सुधारायची. चार दिवस हे पाहिलं आणि शेकणं बंद केलं. चूक माझी होती.

थोरली जाऊ पासलीहून आली. माझ्या मुलाला म्हणाली, "हिला नसरापूरला माहेरी धाड. दुसरी बघू."

मुलगा खाली मान घालून बसला. मी म्हटलं, "जाऊबाई, तुमच्याकडं काय अंगाच्या आत बघायचं मशीन हाय? आधी डाक्टरला बघू द्या."

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो दाखवला. वायरीवर असतं तसं नसांवर आवरण असतं. सुनेचं ते जागोजागी गेलं होतं. रक्तातल्या पेशी आत शिरून ते खातात आणि मेंदूच्या स्वतःच्या राखणदार पेशीही बिथरून त्यांना सामील होतात, असं त्या म्हणाल्या. मी कढत पाण्याचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. "आजी, बरोबर पाहिलंत. या आजारात उष्णतेनं त्रास वाढतो."

"मग त्या राखणदारांना मारून टाका की."

"नाही आजी. मेलेला कचराही त्याच काढतात. तो निघाल्याशिवाय नवं आवरण धरत नाही."

"म्हंजे बेणणीला नवखी बाई बसवली. तणाबरोबर भातबी उपटती. पण हाकलली तर तण माजतंय."

बाई हसल्या. "हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार."

मी चौथी पास. तेव्हा छाती फुगली, ते लपवत नाही.

त्या राखणदारांना नेमकं वळणावर आणणारं औषध अजून शोधताहेत. सध्याचं औषध बाहेरून येणाऱ्यांना आवरतं. सून ते घेते. गेलेलं सगळं परत आलेलं नाही. काठी टेकत अंगणवाडीत जाते, पोरांना ओरडून गाणी म्हणायला लावते.

दिवाळीत जाऊ पुन्हा आली. "ही अजून हितंच व्हय?"

मी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "व्हय, मोठ्या आत्या. आन् ऱ्हाणार बी हितंच. च्या बिनसाखरेचाच ना?"

जाऊ मुलाकडे वळली. या वेळी त्याची मान वर होती. "मोठ्याई, ती कुठं जात न्हाई," तो म्हणाला आणि चुलीवर पातेलं चढवायला स्वतः उठला.