पाटीसकट रांगोळी

बाबा गेल्यावर वर्षभर आईने दारात रांगोळी काढली नाही. मग एका सकाळी तिने स्वतःहून डबा काढला, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी तिला फेसबुक शिकवलं. झालं! रोज साडेसातला डोंबिवलीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दारातली रांगोळी जगापुढे हजर. खाली चार ओळी. 'आज कमळ. ह्यांना रंग भरायला बसवलं की बोटं कपाळाला पुसायचे.'

लोक 'वा ताई', 'सुंदर' असं लिहायचे आणि आई दुपारभर एकेकाला उत्तर देत बसायची. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटायचं. मी ठाण्यात कोपरीला, नोकरी, लेक, सासूबाई. आईचा वेळ जातोय ना, मग बास. तिचं लिहिलेलं मी कधी नीट वाचलंच नाही. अंगठा दाबायचा आणि पुढे जायचं.

एका दुपारी काकूंचा फोन आला. "घाबरू नकोस, आई ठीक आहे. पण संध्याकाळी येऊन जा."

घाबरू नकोस म्हटल्यावर माणूस घाबरणारच. तशीच उठले आणि निघाले.

झालेलं असं की एक माणूस आला होता. चाळिशीचा, शर्ट खोचलेला, हातात फाइल. 'काकांच्या हाताखाली काम शिकलो' म्हणाला. आईने त्याला आत घेतलं, बसवलं, चहा केला, वर कांदेपोहे. दीड तास तो बाबांबद्दल बोलत होता. मग हळूच म्हणाला, काकांचं कंपनीकडून थोडं यायचं राहिलंय, तुमच्या मोबाइलवर एक नंबर येईल, तेवढा वाचून दाखवा. नशीब, आईला चष्मा सापडेना. त्या शोधाशोधीत काकू विरजण मागायला आल्या. त्यांनी "कुठली कंपनी? थांबा, माझ्या मुलाला बोलावते" म्हटल्याबरोबर गडी पोहे अर्धे टाकून पसार.

मी चप्पल काढता काढताच सुरू झाले. माझा आवाज असा आहे की दुसऱ्या मजल्यालाही कळलं असेल.

"अगं, एकटी बाई तू! कोणालाही घरात घेतेस?"

"कोणालाही कसं?" आई म्हणाली. "त्याला सगळं माहीत होतं. हे मानपाड्याच्या कारखान्यात होते ते, ह्यांना डब्यात रोज लसणीची चटणी लागायची ते, स्कूटरवरून पडून उजवा गुडघा गेलेला ते. तुला लाडाने काय म्हणायचे तेसुद्धा. ओळखीचा असल्याशिवाय?"

मी तिचा फोन घेतला आणि पहिल्यांदा सगळं वाचत बसले. चटणी दिवाळीतल्या मोराखाली होती. गुडघा संक्रांतीच्या पतंगाखाली. माझं लाडाचं नाव माझ्या वाढदिवशी. 'चार दिवस लेकीकडे कोपरीला, दाराला सुट्टी' हेही होतं. आणि प्रत्येक फोटोत, रांगोळीच्या वर, दाराशेजारची पितळेची पाटी. बाबांचं पूर्ण नाव, खाली खोली नंबर आणि सोसायटीचं नाव.

"पाटी कशाला घेतेस फोटोत? आपल्याच हाताने पायावर धोंडा! बंद कर हे सगळं, आत्ताच्या आत्ता."

आईने चष्मा लावला, फोन माझ्या हातातून घेतला आणि बोट फिरवत वाचू लागली. बराच वेळ वाचत होती.

"म्हणजे त्याने मला माझंच सांगितलं," ती म्हणाली. "मी म्हटलं, ह्यांची आठवण असलेलं अजून कोणीतरी आहे."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"तू कधी विषयच काढत नाहीस," ती पुढे म्हणाली. "मी काढला तर विचारतेस, आई, गोळ्या घेतल्यास का? मग कोणाशी बोलू गं?"

तिला रडू येईल म्हणून मी बाबांचं नाव घेत नव्हते, असं मी स्वतःला सांगत आलेले. खोटं होतं ते. मला रडू येईल म्हणून घेत नव्हते. त्या संध्याकाळी आम्ही दोघी रडलो, आणि काकूंनी आणलेली खिचडी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. सकाळी पोलीस चौकीत तक्रार लिहून दिली, मग दोघी फोन घेऊन बसलो. पाटीचे फोटो काढून टाकले. बाकीचं फक्त ओळखीच्यांना दिसेल असं केलं. मित्रयादीतली अनोळखी नावं एकेक करून काढली.

"हे कोण?"

"काय माहीत. पण रोज नमस्कार घालतात."

"घालू देत. काढ."

बाहेरगावचं परत आल्यावर लिहायचं, आलेला नंबर देवाने मागितला तरी सांगायचा नाही, हे तिने माझ्यामागून म्हणून दाखवलं. खातं मात्र बंद केलं नाही. आता वरून, फक्त फरशीचा फोटो घ्यायचा.

"आणि पाटी?" आईने विचारलं.

"ती नाही घ्यायची."

"ती चुकून येत नव्हती गं. गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून घ्यायचे मी. कोणीतरी रोज त्यांचं नाव वाचावं म्हणून."

तेव्हापासून आई रोज दोन फोटो काढते. एक लोकांसाठी, नुसत्या रांगोळीचा. दुसरा पाटीसकट, फक्त मला, खाली बाबांची एक गोष्ट. मी अंगठा दाबत नाही आता. मलाही एक आठवते, ती लिहून पाठवते.

काल साडेसात वाजून गेले तरी फोटो नाही. आठ वाजता मी घाबरून फोन लावला.

"अगं हो, हात भरलेत माझे," आई म्हणाली. "पाटी काळी पडलेली, चिंच लावून घासली. ह्यांना असली काळी चालली असती का?"

थोड्या वेळाने फोटो आला. पाटी लखलखत होती, आणि बाबांच्या नावावर मान वाकडी करून फोन धरलेली आई त्यात अंधूक दिसत होती. मी तो कुठेही टाकलेला नाही.