तांब्याच्या गडूतला पू

निजामाच्या राजवटीची ती शेवटची वर्षं. बीडच्या दवाखान्यात जंतू वाढवून बघायची एक खोली होती आणि मी तिथला मदतनीस. आमचं घर लिंगायत वाण्याचं, गळ्यात लिंग, आणि माझी सकाळ जायची बकऱ्याचं मटण उकळण्यात. त्या रश्श्यातूनच जंतूंचं खाद्य तयार व्हायचं. घरी गेल्यावरही हातांचा वास जायचा नाही, भाकरी घशाखाली उतरायची नाही. याहून ओंगळ काही नसेल असं तेव्हा वाटायचं.

हैदराबादहून पेनिसिलिनच्या मोजक्या कुप्या आल्या होत्या. डॉक्टरसाहेबांचा दंडक असा, की आधी रोग्याचा पू तपासायचा, मगच सुई. काचेच्या बशीत थिजवलेल्या खाद्यात आम्ही चर पाडायचो, त्यात औषध भरायचो आणि पुवाची रेघ चरापर्यंत ओढायचो. दुसऱ्या दिवशी रेघेवर जंतू उगवायचे. चराजवळ ते उगवले नाहीत, की औषध लागू.

गेवराईकडच्या एका देशमुखांची सून बाळंतीण होती. छातीला गळू, अंगात फणफणता ताप, तान्हं पोर उपाशी. आमच्या बायका दवाखान्याची पायरी चढत नाहीत, असा निरोप आला. म्हणून आम्ही पू आणायला उकळलेली काचेची नळी पाठवली. देशमुखांच्या गड्याने ती तशीच परत आणली, सोबत तांब्याचा गडू, पू त्यात.

"सासूबाई म्हनल्या, ती काच कुनाकुनाच्या घानीत बुडलेली हाय. तांब्याला इटाळ न्हाई."

बशीवर काहीच उगवलं नाही. चराजवळ नाही आणि लांबही नाही. डॉक्टरसाहेबांनी कपाळाला हात लावला. बैलगाडीतून येता येता रात्रभरात त्या तांब्यानेच जंतू मारले होते. औषध लागू पडेल की नाही हे काही कळेना. मी म्हणालो, "साहेब, तशीच सुई देऊन बघू." त्यांना आधी खात्री हवी होती. मला त्यांचीही शिसारी आली.

नळी पुन्हा पाठवली. तिकडे मात्र गड्याने आधीच सांगून टाकलं होतं, की पुवात काही सापडलं नाही. घरच्यांनी त्याचा अर्थ लावला, सून बरी आहे. नळी रिकामी परत आली. त्याच आठवड्यात सून गेली.

तेरावं आटोपलं आणि देशमुख स्वतः दवाखान्यात हजर झाले. हातात घोडीचा लगाम. तिच्या खुराच्या वरची जखम चिघळली होती.

"डॉक्टरसाब, ती सुई उरली आसंल ना? घोडीचा पू बगा जरा. लई गुनाची हाय."

मी नळी पुढे केली आणि मुद्दाम विचारलं, "मालक, काच चालंल का?"

"कावून न्हाई चालायची?" म्हणत त्यांनी घोडीचा पाय स्वतः धरला. पू त्यांच्या बोटांवर ओघळला, तो त्यांनी धोतराला पुसला.

वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हाच. पण देशमुखांना नाही म्हणायची छाती आमच्यात कुणाची नव्हती. घोडीचा पू बशीवर भरघोस उगवला आणि चराच्या अलीकडे थांबला. सुनेसाठी राखलेल्या कुप्या घोडीला टोचल्या.

घोडी खडखडीत बरी झाली. लग्नसराई आली तेव्हा देशमुखांचा मुलगा तिच्यावरच बसून, मुंडावळ्या बांधून, दुसऱ्या लग्नाला निघाला.